आत्या, हे तुझ्या घरातून आलंय

आत्या, आजपासून मी तुला तू म्हणणार.

लहानपणी म्हणतच होते. तू आंबवड्याला माहेरपणाला यायचीस तेव्हा मी एसटीच्या थांब्यापर्यंत पळत यायचे आणि "आत्या, काय आणलंस?" म्हणत तुझ्या पिशवीत हात घालायचे. मग तुझ्या दत्ताशी माझं लग्न झालं. मामाची पोरगी करून आणलीस म्हणून तू सगळ्या विंझरला पेढे वाटलेस, आणि दुसऱ्या दिवशी चुलीपुढं मला सांगितलंस, "आता आत्याबाई म्हणायचं. तुमी म्हणायचं. सासू हाय म्या तुझी." मी म्हटलं. इतकी वर्षं खाली मान घालून म्हटलं. आता तू गेलीस, तर मला कुठनं दटावणार? मेलेल्या माणसाला तू म्हणायला कुणाची परवानगी लागत न्हाई.

दुखवट्याला माणसं येतायत. ओटीवर बसतात, पाणी पितात आणि म्हणतात, "गरीब गाय व्हती बिचारी." मी पदर तोंडाला लावून बसते, आणि त्यांना वाटतं मी रडते. गाय? आत्या, तू मारकी म्हैस होतीस. वाटेनं जाणाऱ्याला शिंग लावल्याशिवाय तुला चैन पडायची न्हाई. तुला स्वतःलासुद्धा गाय म्हटलेलं आवडलं नसतं, एकेकाला उठवून लावलं असतंस.

मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू नेहमीसारखी मधूनच उठून गेलीस. या खेपेला मी तुला जाऊ देणार न्हाई. बस हितं आणि ऐक.

माझ्या पहिल्या बाळापासून सुरू करते. त्याला नाव न्हाई, कारण बारशापर्यंत ते राहिलंच न्हाई. जन्मून थोडेच दिवस झाले होते आणि त्याला झटके यायला लागले. डोळे एका बाजूला फिरायचे, मुठी आवळायच्या, पाय ताठ. भोरच्या दवाखान्यातनं पुण्याला नेलं. फिटची होती नव्हती ती सगळी औषधं दिली, एकाचा गुण येईना. बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, कारण सांगता येत न्हाई.

कारण तू सांगितलंस. अंगण बायांनी भरलेलं होतं. माझी आई आंबवड्याहून आली होती आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. तू ओटीवर उभी राहिलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललीस. "माझ्या माहेरात आसलं कधी झालं न्हाई, माझ्या सासरात न्हाई. ही घाटाखालनं आली, हिनं आणलं. हिच्या बियानं माझा नातू गिळला." आई कोकणातली, वरंधा घाटाखालची. तुझ्या भावाशी लग्न होऊन ती वर आली, जन्म आंबवड्यात काढला, तरी तुझ्यासाठी ती घाटाखालचीच राहिली. वर तू म्हणालीस, "आजपासनं हिनं माझ्या अंगणात पाय टाकायचा न्हाई. म्या बोलवीन तवाच यायचं."

 आईनं माझं डोकं हळूच उचलून खाली वाकळेवर ठेवलं आणि चपला हातात घेऊन अंगण ओलांडलं. रस्त्यावर गेल्यावर पायात घातल्या. मी पडल्या जागेवरनं बघत होते. ते हातातल्या चपलांचं मी तुला कधी माफ करणार न्हाई, हे पहिल्यांदा सांगून ठेवते.

त्या बोलण्यानं आईचं काय गेलं, तुला ठाऊक होतं आणि तरी बोललीस. आमच्या आळीतल्या प्रत्येक लेकराला पहिली अंघोळ माझ्या आईनं घातलेली. माहेरी बाळंत झालेली पोरगी आधी तिला निरोप धाडायची. पायावर बाळ पालथं घेऊन ती अशी चोळायची की रडणारं पोर तिथंच झोपायचं. पाणी हातानं बघायची न्हाई, कोपरानं बघायची. म्हणायची, हात कामानं जाड झालेला असतो, खोटं बोलतो. तुझा दत्तासुद्धा तिनंच न्हाऊ घातलेला, तुझं पहिलं बाळंतपण आंबवड्यात झालं तेव्हा. तुझं बोलणं विंझरवरनं भोरला गेलं, भोरवरनं आंबवड्याला गेलं, आणि बायांनी तिला बोलवणं सोडलं. उघड कुणी काही म्हणायचं न्हाई. फक्त ती आली की पाळण्यावर कापड पडायचं. माझे वडील, तुझा सख्खा भाऊ, त्याच दुःखात गेले. तू त्यांच्या दहाव्याला आलीस आणि माझ्या आईशी एक शब्द बोलली न्हाईस.

मग ओवी झाली. पुन्हा तेच झटके. तू देव्हाऱ्यापुढं बसलीस, मी पुण्याच्या दवाखान्यात भिंतीला टेकून बसले, आणि मला वाटलं, हीपण जाणार. पण या खेपेला तितं एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मागचं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, एक इंजेक्शन देऊन बघू, जीवनसत्त्वाचं आहे. मी मनात म्हटलं, झालं, आता ताकदीच्या औषधानं फिट थांबणार का? इंजेक्शन गेलं आणि थोड्या वेळात ओवीचे झटके थांबले. शिलाई मशिनच्या पायट्यावरचा पाय काढला की सुई थांबते ना, तसे थांबले. मी इतकी वर्षं मशिन चालवते, पण तेव्हापासून सुई थांबली की मला तो दिवस आठवतो.

पुढं ओवीचं, माझं आणि दत्ताचं रक्त तपासलं, आणि अहवाल आला तेव्हा ओवी तुझ्या मांडीवर होती. आपण तिघं बसलो होतो, तू, मी आणि दत्ता. बाईंनी समजावून सांगितलं. डाळीत, दुधात, मटणात प्रोटीन असतं, त्यात लायसिन नावाचा एक भाग असतो. शरीर तो मोडत जातं. मोडताना मधेच एक अर्धवट पदार्थ तयार होतो, अल्डिहाइड म्हणतात त्याला. तो पुढं नेऊन निकालात काढायला एक एन्झाइम लागतं, आणि ओवीच्या अंगात ते नीट बनत न्हाई. मग तो अर्धवट माल साचतो आणि शरीरातलं बी-सिक्स जीवनसत्त्व धरून बसतो. ते मिळालं न्हाई की मेंदूला झटके. म्हणून वरनं भरपूर बी-सिक्स द्यायचं, रोज, जन्मभर. तू लगेच म्हणालीस, "म्हंजी वल्या लाकडाचा धूर. लाकूड धड जळंना, न् धूर घरात कोंडतोय." बाई हसून म्हणाल्या, अगदी तसंच, आजी. तू केवढ्या ऐटीत माझ्याकडं बघितलंस.

त्या म्हणाल्या, हे एन्झाइम फार जुनं आहे, म्हणून इंग्रजीत त्याचं नावही 'जुनं' अशाच अर्थाचं ठेवलंय. माणसाच्याही आधीपासूनचं आहे, झाडापेडांत असतं, वाटाण्याच्या रोपातसुद्धा असतं. आत्या, परसातल्या वाटाण्यात आहे आणि माझ्या पोरीत न्हाई. घरी आल्यावर मी तो वेल मुळापासनं उपटून टाकला. तू ओरडलीस, शेंगा धरल्या होत्या म्हणून.

पण त्या खोलीत बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिथनं तुझी ऐट उतरली. हे एका बाजूनं येत न्हाई, म्हणाल्या. आईकडनं एक आणि वडिलांकडनं एक, अशा दोन्ही बाजूंनी बिघाड आला तरच मूल आजारी होतं. नुसता एक असलेल्या माणसाला काही होत न्हाई, त्याला कळतसुद्धा न्हाई. मग विचारलं, "तुम्ही दोघं नात्यातले का?" दत्ता म्हणाला, "मामाची पोरगी हाय ही माझ्या." बाई म्हणाल्या, "तुम्हा दोघांच्यात अगदी एकच बिघाड आहे, एकाच जागी. बहुतेक एकाच घरातून आलाय." तू ओवीच्या अंगावरचं दुपटं नीट केलंस, नीट होतं तरी, आणि म्हणालीस, "हिच्या आईकडनं आलं आसंल." बाई म्हणाल्या, मग दत्तात कुठून आलं आजी? तुमचं आणि यांच्या आईचं, दोघींचं रक्त बघू या. तुला चक्कर आली. तुला आयुष्यात कधी चक्कर आली नव्हती, बरोबर तेव्हा आली.

तू रक्त दिलं न्हाईस. मी आईचं द्यायला लावलं. तुला म्हटलं ओवीला दाखवायला चाललेय, आणि आई नसरापूर फाट्यावर येऊन थांबली. अहवाल आला. आईच्या रक्तात ते न्हाई. काहीच न्हाई. तिच्याकडनं मला ते येऊच शकत न्हाई, माझ्यात आलंय ते वडिलांकडनं, म्हणजे तुझ्या भावाकडनं. दत्तात आलंय ते तुझ्याकडनं. तुझ्या माहेरचं, तुझ्या आईबापाच्या घरातलं. तू ज्या घराची शपथ घ्यायचीस त्या घरातलं. मी पुन्हा त्याच फाट्यावर आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग हे म्या कुणाला सांगू?"  तिची एसटी आली आणि ती गेली.

तुला मी सांगितलं तेव्हा तू तांदूळ पाखडत होतीस. मी सगळं बोलून संपवेस्तोवर तुझं सूप थांबलं न्हाई. मला वाटलं तू म्हणशील, खोटं आहे, डॉक्टरला काय कळतंय. तसं म्हणाली असतीस तर मी तुला अडाणी समजून सोडून दिलं असतं. तू म्हणालीस, "माझा भाऊ गेला. माझं आईबाप गेलं. त्येंच्या माघारी त्येंच्या घराला डाग लावू व्हय? ती जित्ती हाय, ती सोशील." आणि मग, "ह्ये ह्या घरात दुसऱ्यांदा बोलायचं न्हाई."

म्हणजे तुला पटलं होतं. त्याच क्षणी पटलं होतं. त्यानंतरही किती वर्षं तू माझ्या आईला सोसायला लावलंस, आत्या. कुणाचं पोर आजारी पडलं तर ती सोशील, पाळण्यावर कापड टाकतील तर ती सोशील. दत्ता दारात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं आणि तो टेम्पोत भाजी भरायला निघून गेला. आईचं अंगणाबाहेर राहणं तसंच चालू राहिलं. नातीला भेटायचं तर विंझरच्या एसटी थांब्यावर. ओवीला वाटायचं, आंबवड्याची आजी थांब्यावरच राहते.

आता दुसरं सांगते, न्हाईतर तू वर जाऊन म्हणशील पोरगी एकतर्फी बोलली. ओवीला वाचवलं बाईंनी, पण जगवलं तू. हे मी कुठंही सांगीन. सकाळी चूल पेटायच्या आधी तू उंबऱ्यावर बसायचीस, गोळी दोन चमच्यांत दाबून चुरायचीस, गुळाच्या पाण्यात कालवायचीस आणि ओवीच्या तोंडात घालायचीस. एकादस असो, सुतक असो, तुला ताप असो. ओवी मोठी झाली, गोळी गिळायला लागली, तरी तिला उंबऱ्यावर तुझ्यापुढं बसूनच घ्यावी लागायची. डाळ, दूध मोजकं द्यायला सांगितलं होतं, तर जेवणावळीत तिच्या ताटाशी तू राखणदारासारखी बसायचीस. पानशेतला वनिताकडं, तुझ्या लेकीकडं, गेलो होतो तेव्हा गोळ्या घरी राहिल्या. वनिता म्हणाली, "ताकदीचीच तर गोळी हाय, उद्या दी की." तू भरल्या पंगतीतनं उठलीस, हात धुतलास, ओवीला काखेत मारलंस आणि मिळेल त्या टेम्पोनं विंझरला आलीस. वनिता दोन महिने रुसली. तुला काडीचा फरक पडला न्हाई.

म्हणून तर माझा राग इतका मोठा आहे, आत्या. तू नुसतीच वाईट असतीस तर मी तुला जाळून मोकळी झाले असते. तुला एकीचं लेकरू कळत होतं. दुसरीचं जिणं नासतंय हेही कळत होतं आणि चालत होतं.

त्या सकाळीही तू गोळी दिलीस. मग खांबाला टेकून बसलीस आणि उठलीच न्हाईस. ओवी हलवत होती, "आजी, च्या गार होतोय." मी येऊन बघितलं तर तू गेलेली. चमचा तुझ्या हातातच होता. मी रडले, खोटं कशाला बोलू. डोळे पुसून झाल्यावर मला पहिला विचार काय आला ते सांगते. माहेरचं लुगडं.

बाई गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. ते आल्याशिवाय तिरडी उचलत न्हाईत. आणि तुझ्या माहेरात आता कोण उरलं होतं, आत्या? तुझे आईबाप न्हाईत, भाऊ न्हाई, भावाला मुलगा न्हाई. एकटी माझी आई. घाटाखालची.

मी मागच्या दाराला जाऊन आईला फोन लावला. म्हटलं, "आत्या गेली. तू येऊ नकोस. तिला तशीच पडू दे, ऊन डोक्यावर येईपर्यंत."  आई म्हणाली, "म्या भोरला उतरून लुगडं घेते न् येते." मी म्हटलं, "मग हलक्यातलं हलकं घे." ती म्हणाली, "लुगड्यात कसूर ठिवली तर ती म्हणत व्हती तीच खरी ठरंल." आणि फोन ठेवला.

तू अंगणात झोपली होतीस. पाणी तापलं होतं, बांबू आले होते, माणसं खोळंबली होती. वनिता रडता रडता म्हणत होती, "त्या मामीच्या हातचं कशाला? वेल्ह्याच्या दुकानातनं आणा की एखादं." तुझे दीर, तात्या, म्हणाले, "माहेरचं ते माहेरचं. दुकान काय माहेर हाय व्हय तिचं?" ऊन वर चढलं. मी तुझ्या उशाशी बसून माशा वारत होते, आणि खरं सांगू, मला बरं वाटत होतं. तू आईची वाट बघत पडली होतीस. इतकी वर्षं ती तुझ्या बोलावण्याची वाट बघत होती, आज तू तिच्या येण्याची.

आई आली. पांढऱ्या कापडाच्या पिशवीत लुगडं, डोईवर पदर. रस्त्यावरनं चालत आली आणि जिथं शेणानं सारवलेलं अंगण सुरू होतं तितं थांबली. चपलेची टोकं सारवणाच्या कडेला. तात्या म्हणाले, "ये की आत, वहिनी, तुझ्यासाठीच थांबलोय." आई म्हणाली, "वन्सं बोलवतील तवा यायचं, आसं ठरलंय आमचं."

 तात्या म्हणाले, "आगं, आता ती कशी बोलवंल?"

"मग तिच्या बदली कुणीतरी बोलवा. पर ज्यासाठी भाईर काढलं, त्ये आधी बोला. मग बोलवा."

आत्या, मी माझ्या आईला जन्मापासून ओळखते आणि मला ती ठाऊकच नव्हती. आवाज चढवला न्हाई, डोळ्यांत पाणी न्हाई. पिशवी पोटाशी धरून उभी. वनिता म्हणाली, "मेलेल्या माणसाम्होरं ह्ये काय काढलंय मामीनं?" आई म्हणाली, "जित्ती व्हती तवा कुणी ऐकलं न्हाई, बाय."

मी उठले. हे बोलणं मी किती वर्षं मनात घोकलं होतं. मशिनवर बसून घोकलं होतं, भात लावताना घोकलं होतं. मी तोंड उघडलं आणि आईनं हात वर केला. "तू नगं. तू माझी हायेस, तुझं कोण ऐकंल? तिच्यातल्यानं बोलाया पायजे." आणि तिनं दत्ताकडं बघितलं.

दत्ता तुझ्या पायाशी उभा होता, उघड्या अंगानं, डोकं भादरलेलं. तुझा लाडका. आयुष्यात तुझ्या शब्दाबाहेर न गेलेला. मला वाटलं, हा आताही जाणार न्हाई, हा बांबूकडं बघत राहील. तात्यांनी उन्हाकडं बघितलं. कुणी खोकलं. दत्ता एकदा तुझ्याकडं बघत होता, एकदा आईकडं. आणि मी तुझ्या तोंडाकडं बघत होते, आत्या. म्हातारी माणसं सांगतात, जळेस्तोवर माणसाला ऐकू येतं. मी देवाला म्हटलं, एवढं खरं असू दे.

दत्ता बोलला. आधी पुटपुटला, तात्या म्हणाले, काय? मग मोठ्यानं बोलला. "मामीच्या रगतात ते न्हाई. तपासलंय. माझ्या रगतात हाय, सुरेखाच्या रगतात हाय. दोघांच्यात एकच हाय, न् ते आईच्या माहेरचं हाय. आईकडनं मला आलंय. मामीचा दोष नव्हता. आईला ठावं व्हतं." मग तो माझ्या आईकडं वळला. "ये मामी आत."

बायांमध्ये कुजबुज उठली आणि वनितानं तोंड फिरवलं. मी तुझ्याकडंच बघत होते. तुझ्या तोंडावरची सुरकुती हलली न्हाई, पण मी ओळखते तुला. तू तांदूळ पाखडताना जशी गप्प होतीस, तशीच होतीस.

आईनं चपला काढल्या. सारवणाच्या बाहेर रस्त्यावर ठेवल्या आणि आत आली. लुगडं माझ्या हातात दिलं. मी कापड ओळखते, चांगलं दाट सुती होतं, काठाला कुठं गाठ न्हाई, धागा सुटलेला न्हाई. मग तिनं पदर खोचला आणि बायांना म्हणाली, "सरका. म्या घालते आंगूळ."

घंगाळातल्या पाण्यात तिनं कोपर बुडवून बघितलं. कढत होतं, गार ओतून घेतलं. कुणाला कळलं न्हाई ती काय करते, मला कळलं. तुला आता पाण्याचं कढत न् गार काय कळणार होतं? पण तिच्या हाताला ती सवय, आणि किती वर्षांनी कुणीतरी तिच्या पुढ्यात अंघोळीचं अंग ठेवलं होतं. तिनं तुझे केस धुतले. पाठ चोळली. तुझ्या पायांशी आली तेव्हा टाच हातात घेऊन म्हणाली, "वन्सं, टाचा किती फुटल्यात तुमच्या." एवढंच बोलली. मला रडूही आलं आणि रागही आला, की ही एवढ्यात कशी विसरली. मग बघितलं तर तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. ती विसरली नव्हती. ती तिचं काम करत होती.

आता काल काय झालं ते सांगते. वाईट वाटून घे. बाया जाता-येता तुझ्या घराकडं बघून बोलतायत. वनिता फोन उचलत न्हाई, तिला तिच्या पोरींची काळजी लागलीय. मी तिला निरोप धाडलाय की रक्त तपासून घे, भिऊ नकोस, नुसत्या एकानं काही होत न्हाई, फक्त नात्यात सोयरीक करू नकोस. आणि आंबवड्यात आमच्या मागल्या घरची पोरगी बाळंतपणाला आलीय. तिच्या आईनं काल माझ्या आईच्या दारात येऊन विचारलं, उद्या येशील का गं न्हाऊ घालायला. आई मला फोनवर सांगत होती, आणि मधेच थांबून म्हणाली, "जरा ठिव, तेल तापवायला ठिवलंय."

डॉक्टरीणबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, यात कुणाचाच दोष नसतो. मला माहीत आहे. तुझा न्हाई, तुझ्या आईबापाचा न्हाई. पण तू दोष वाटायला बसली होतीस ना, आत्या? सगळा माझ्या आईच्या पदरात टाकला होतास. मग आता तुझा वाटा घे. तुझ्या फोटोला हार घालीन, वर्षश्राद्ध करीन, पुरणाचा नैवेद्य दाखवीन, आणि या घरात ते दुसऱ्यांदा बोलीन. तिसऱ्यांदा बोलीन. ओवीला तर रोज सांगीन.

आज सकाळी तुझ्या जागेवर मी बसले. उंबऱ्यावर ओवी पुढ्यात बसली आणि तिनं तुझ्यासारखा हात पुढं केला. गोळी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं त्या दिवशी अंगणात सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "आये, हे मला आजीकडनं आलंय?"

"व्हय."

"गोळी का आजार?"

"दोन्ही," मी म्हटलं.

ती तुझ्या फोटोकडं बघत राहिली, गोळी तशीच हातात. मग म्हणाली, "मग आजीला नमस्कार करू का नको?"

मी पाण्याचं भांडं तिच्या हातात दिलं. म्हटलं, "गोळी घे आधी. नमस्काराचं नंतर बघू."